गुडघ्याचं त्रैराशिक

मागच्या लेखात मी ओघात लिहून गेले की सायकलची क्रँक बदलून घेतली आणि मागची चक्रंही. त्यावर तीन तऱ्हेचे प्रतिसाद आले. सायकलवाल्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींनी विचारलं, किती दाती? नातेवाइकांनी विचारलं, किती रुपये? आणि आमच्या वन्संनी (वय ८१, ब्लॉग नियमित वाचतात, प्रतिसाद मात्र फोनवर देतात) विचारलं, "क्रँक म्हणजे काय गं?" पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथं देते. रुपयांचं समक्ष भेटीत.

तर वन्सं, आधी तुमचं. पायडल ज्या दांडीच्या टोकाला बसवलेलं असतं ती दांडी म्हणजे क्रँक. जात्याचा खुंटा आठवा. खुंटा मध्यापासून लांब असेल तर हाताला मोठा फेरा मारावा लागतो, पण जातं हलकं जातं. जवळ असेल तर फेरा लहान, पण जातं जड. पायाचंही अगदी तेच. आता जात्याला दोघी बसल्या, एक उंच आणि एक ठेंगणी, तर लांब खुंट्यावर ठेंगणीचा खांदा दुखायला लागतो. माझा खांद्याऐवजी गुडघा दुखत होता, एवढाच फरक.

ही सायकल मूळ नातीची. २०२४ मध्ये ती जर्मनीला शिकायला गेली आणि जाताना म्हणाली, "आजी, विकू नकोस, चालव." रोड बाइक म्हणतात तसली, वळलेल्या हँडलची, सर्वांत लहान मापाची. नात माझ्यापेक्षा चार बोटं उंच. मी पाच फूट, तेही सकाळी मोजलं तर. सीट खाली घेतली, हँडल थोडं वर आणि जवळ घेतलं, आणि मी चालवायला लागले. सपाटीवर काही त्रास नव्हता. प्रश्न आला तो कात्रजच्या जुन्या घाटात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पुण्याहून सातारा रस्त्यानं जाताना हमरस्ता नव्या बोगद्यातून जातो, तिथं सायकल घालण्यात शहाणपण नाही. जुना रस्ता घाटानं वर चढतो, माथ्याजवळच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे निघतो आणि शिंदेवाडीला उतरतो. पुढं खेड शिवापूर. तिथं माझी धाकटी बहीण मुलाकडे राहते. आम्ही दोघीच उरलो आहोत भावंडांत. महिन्यातून दोनदा सकाळी लवकर निघून तिच्याकडे जायचं, भाकरी खायची, आणि भाच्यानं गाडीत सायकल टाकून आणून सोडायचं, असा आमचा करार. जाताना मात्र मी माझी मी जाते. कुणाची गाडी रिकामी आहे का हे न विचारता बहिणीला भेटायला जाता येणं याची किंमत साठीच्या आतल्या लोकांना कळायची नाही.

तर त्या घाटात डावा गुडघा आतून बोलायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि कूर्चा झिजली आहे असं सांगितलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती झिजलेली नसती तरच नवल. सायकल बंद करा असं ते म्हणाले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "जोर देऊन चालवू नका, फिरवून चालवा. आणि गुडघा फार दुमडू देऊ नका." वाक्यं दोन, पण नीट पाहिलं तर पहिलं गिअरबद्दल आहे आणि दुसरं क्रँकबद्दल.

मी शाळेत मराठी शिकवायचे. पण आमच्या शाळेत गणिताचे मास्तर टिकत नसत, त्यामुळं सहावी-सातवीचं गुणोत्तर आणि प्रमाण कितीतरी वर्षं माझ्याच गळ्यात होतं. मुलांचा नावडता धडा. "बाई, याचा उपयोग काय?" असं विचारायची. पोरांनो, उपयोग हा.

पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते. येईल तो आकडा म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक किती फेरे घेतं. चाकाचा परीघ त्याला गुणला की एका फेऱ्यात गाडी किती मीटर पुढं जाते ते कळलं. परीघ मी खडूनं मोजला. टायरवर एक खूण, फरशीवर एक खूण, गाडी ढकलत नेली, खूण परत खाली आली तिथं दुसरी रेघ. दोन मीटर दहा सेंटिमीटर. वॉचमननं विचारलं, "मॅडम, काही हरवलं का?"

१९६९ साली कॉलेजात जायला लागले तेव्हा वडिलांनी जुनी लेडीज सायकल घेऊन दिली होती. २६ इंची चाकं, पुढं ४४ दाते, मागं १८. म्हणजे एका फेऱ्यात साधारण पाच मीटर. एकच गिअर. पुढं नोकरीच्या शाळेला जाताना रोज एक चढ लागायचा. गल्लीतल्या सायकलवाल्यानं न विचारताच मागचं १८ चं फ्रीव्हील काढून २० चं बसवलं. साडेचार मीटर झाले. "ताई, आता पातळ चालेल," म्हणाला. त्याला ना आलेख माहीत ना संगणक. गिऱ्हाईक कुठं राहतं, कुठं जातं आणि किती वजनाचं आहे एवढं बघून तो दाते ठरवायचा. आज हजारो रुपयांच्या गाड्या विकणाऱ्या दुकानात हे तीन प्रश्न कुणी विचारत नाही. विचारतात ते बजेट.

नातीच्या सायकलला पुढं दोन चक्रं, ५० आणि ३४ दात्यांची. मागं अकरा चक्रं, ११ पासून २८ पर्यंत. आता सर्वांत जड गिअर बघा. ५० भागिले ११, म्हणजे एका फेऱ्यात साडेनऊ मीटर. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी ४५ किलोमीटर. एवढा वेग मला फक्त उतारावर मिळू शकतो आणि तिथं मी दोन्ही ब्रेक धरून बसलेली असते. म्हणजे त्या बाजूचे तीन-चार गिअर माझ्यासाठी शोकेसमधले कप. सपाटीवर मी पुढं ३४ आणि मागं १५ वर चालवते, तो होतो पावणेपाच मीटर. गंमत अशी की माझा सपाटीचा गिअर १९६९ पासून जवळजवळ तोच आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांत सगळी कमाई झाली ती चढाच्या बाजूला, आणि नेमकं तिथंच या गाडीत कमी पडत होतं.

सर्वांत हलका गिअर ३४ भागिले २८, एका फेऱ्यात अडीच मीटरला किंचित जास्त. घाटाच्या वळणांवर मी उजव्या पायाचे फेरे मोजले. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचे. मिनिटाला चाळीस भरले. चाळीस म्हणजे फिरवणं नव्हे, तो जिना चढणं झालं. आणि जिना चढू नका असं तर डॉक्टर आधीच सांगून बसलेले. माझं इंजिन जेवढं आहे तेवढंच आहे, ते वाढायचं नाही. म्हणून वेग तोच ठेवून फेरे वाढवायचे तर एका फेऱ्यात कापायचं अंतर कमी करायला हवं.

इथवर सोपं होतं. मागं ३४ दात्यांपर्यंत जाणारी चक्रं मिळतात. पुढं ३४, मागं ३४, एकास एक. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, दोन मीटर दहा. किंवा पुढचा संच बदलायचा. ४६ आणि ३० दात्यांचेही संच निघाले आहेत.

आता दुसरं वाक्य, गुडघा दुमडण्याचं. या सायकलची क्रँक १७० मिलिमीटरची होती. लहानात लहान गाडीलाही दुकानात बहुतेक वेळा १७० किंवा फार तर १६५ बसवलेली असते. मी टेप घेऊन माझ्या पायाची आतली लांबी मोजली. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत पाठ्यपुस्तक घट्ट धरायचं, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत. ७० सेंटिमीटर. म्हणजे क्रँक माझ्या पायाच्या जवळजवळ पाव हिस्सा. हेच प्रमाण सहाफुटी माणसाला लावा. त्याची आतली लांबी ८६ सेंटिमीटर धरली तर त्याला २०९ मिलिमीटरची क्रँक द्यावी लागेल! कुठला सहाफुटी माणूस तशी सायकल विकत घेईल? दुकानदाराला मारायलाच धावेल. आम्ही ठेंगण्या बायका मात्र "सायकल आपल्याला झेपत नाही" असं म्हणत मुकाट घरी येतो.

लेनर्ड झिन नावाचे अमेरिकी सायकल बांधणारे आहेत. त्यांचा आडाखा असा की क्रँक आतल्या लांबीच्या २१ ते २१.६ टक्के असावी. माझ्या हिशेबात ते १४७ ते १५१ येतं. सगळ्यांना हा आडाखा मान्य नाही, आणि मीही तो वेदवाक्य मानत नाही. पण १७० पासून मी किती दूर आहे हे त्यातून कळतं.

दुकानातला मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. त्याचं म्हणणं, "बाई, आखूड क्रँकनं ताकद जाते." ही समजूत फार पसरलेली आहे. २००१ साली मार्टिन आणि स्पर्ड्यूसो या संशोधकांनी १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंत पाच लांबींच्या क्रँकवर सायकलपटूंना जीव तोडून पायडल मारायला लावलं होतं. १२० आणि २२० म्हणजे दोन्ही टोकं झाली. तरी कमाल ताकदीत सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबीमधला फरक चार टक्क्यांच्या आसपास निघाला. ही चाचणी काही सेकंदांच्या झटक्याची होती, घाटाची नव्हे, हे खरं. पण दहा मिलिमीटर कमी केल्यानं माझी ताकद जाईल ही भीती मला तरी उरली नाही.

आणि मोठ्यांचं म्हणाल तर फॅशन तिथंही बदलते. एडी मेर्क्सनं १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाचा विक्रम केला, ४९.४३१ किलोमीटर, तो १७५ च्या क्रँकवर आणि पुढं ५२, मागं १४ अशा एकाच गिअरवर. २०२४ साली जिरो आणि टूर द फ्रान्स दोन्ही जिंकणारा तादेय पोगाचार १६५ वापरत होता. तो पावणेसहा फुटांच्या वर. तो १६५ वर आणि मी १७० वर! हे मी विद्यार्थ्याला सांगितलं. तो जरा गप्प झाला आणि त्यानं चहा मागवला.

टूर द फ्रान्सवरून आठवलं. ती शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं मत असं सांगतात की बदलते गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी, खऱ्या मर्दानं स्नायूंच्या बळावर जिंकावं. त्यांच्या शर्यतीत डिरेलर वापरायला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. मला तर हे मत एकदम पसंत आहे. पंचेचाळिशीच्या पुढं मी चांगली एकोणतीस वर्षं आहे, म्हणजे माझा हक्क पक्का.

असो. तर खरी अडचण पुढं आली. ४६ आणि ३० दात्यांचा जो संच त्याला मागवता येत होता तो १७० च्या क्रँकचाच. आणि आखूड क्रँक मिळत होती ती शिमानोच्या १०५ मालिकेतली १६० मिलिमीटरची, पण तिला चक्रं ५० आणि ३४. म्हणजे दाते कमी हवेत तर दांडी लांब, दांडी आखूड हवी तर दाते जास्त. आता काय घ्यावं? मेकॅनिक म्हणाला, "बाई, तुम्हाला चढ जड जातो ना, मग ३० वालं घ्या."

इथं मी त्याला फळ्यापाशी नेलं, म्हणजे बिलबुकाच्या पाठीवर. गिअर आणि क्रँक हे दोन प्रश्न नाहीतच. शेल्डन ब्राउन म्हणून अमेरिकेत एक विद्वान मेकॅनिक होते (२००८ मध्ये गेले), त्यांनी हे फार सुरेख मांडलं आहे. गाडी किती अंतर गेली एवढंच बघू नका, त्यासाठी पाऊल किती अंतर फिरलं तेही बघा, आणि दोन्हींचं गुणोत्तर काढा. १७० च्या क्रँकवर एका फेऱ्यात पाऊल १.०७ मीटर फिरतं. १६० वर साधारण एक मीटर.

जुनी व्यवस्था: पाऊल १.०७, गाडी २.५५. गुणोत्तर २.३९.

नुसती क्रँक १६० ची केली आणि चक्रं तशीच ठेवली तर २.५४. म्हणजे जड झालं! जात्याचा खुंटा जवळ आणल्यासारखं. आखूड क्रँक बसवून "चढ उलट अवघड झाला" म्हणणारे लोक भेटतात ते यामुळं. दांडी आखूड केली की दाते बदलायलाच हवेत.

त्याचं म्हणणं ऐकून पुढं ३० आणि क्रँक १७०, मागची चक्रं तशीच ठेवली तर २.११.

आणि क्रँक १६०, पुढं ३४, पण मागं ३४ पर्यंतची चक्रं बसवली तर २.०९.

दोन्ही जवळजवळ सारखंच. पायाला लागणारा जोर तोच, जुन्यापेक्षा आठवा हिस्सा कमी. पण पहिल्यात गुडघा पूर्वीइतकाच दुमडतो आणि दुसऱ्यात कमी. क्रँक एक सेंटिमीटर आखूड झाली की सीट एक सेंटिमीटर वर घ्यायची, म्हणजे खाली पाय तेवढाच सरळ होतो. वर मात्र पायडल सीटपासून दोन सेंटिमीटर दूर राहतं. दोन सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही. एक पाट दोन सेंटिमीटरनं उंच करा आणि त्यावरून उठून बघा.

विद्यार्थ्यानं आकडे दोनदा तपासले. (सातवीत एकदाही तपासत नसे.) मग म्हणाला, "मागचा डिरेलरही बदलावा लागेल. हा ३० दात्यांपर्यंतच झेपवतो. आणि साखळीही लांब लागेल." ते झालं. खर्च वाढला, पण प्रश्न रुपयांचा असला तरी उत्तर गुडघ्याचं होतं.

या निवडीत काही गमावलं का? थोडं. मागच्या अकरा चक्रांत आता दात्यांच्या उड्या मोठ्या आहेत. पूर्वी ११ ते १५ एकेक दात्यानं वाढत, आता ११, १३, १५ अशी दोन-दोनची पायरी. शर्यतवाल्यांना हे खुपतं. मला खुपत नाही, कारण त्या भागात माझं येणंजाणंच कमी.

एक फायदा मात्र कुणीच आधी सांगितला नव्हता. लहान मापाच्या सायकलला चाकं मात्र मोठ्या सायकलचीच असतात, त्यामुळं पुढचं चाक पायाच्या फार जवळ येतं. हळू वेगात तीव्र वळण घेताना माझा चवडा चाकाला लागायचा. घाटात, चढावर, मागून ट्रक येत असताना हे झालं की पोटात गोळा येई. एक सेंटिमीटरनं ते लागणं जवळपास थांबलं.

आता घाटात मिनिटाला ४८ भरतात. पन्नास झाले नाहीत, ते झाले असं सांगून मी कुणाला फसवणार नाही. सर्वांत उभ्या वळणावर अजूनही उतरते आणि दीडशे-दोनशे पावलं ढकलते. त्याची मला लाज नाही. मागून येणारी तरुण मुलं "आजी, हेल्प?" विचारतात, त्यांना हात हलवून पुढं पाठवते. गुडघा बहिणीच्या दारात पोचेपर्यंत गप्प असतो, परतल्यावर रात्री थोडा बोलतो. पूर्वी दोन दिवस बोलायचा.

मुलगा म्हणतो, आई, ई-बाइक घे, हा सगळा हिशेबच नको. ई-बाइक वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. ज्यांना दम्याचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी जरूर घ्यावी, आणि माझ्यावरही ती वेळ येईल. पण ती दुप्पट जड, आणि पंक्चर झाली तर मला एकटीला उलटी करता यायची नाही. शिवाय बहिणीकडे पोचल्यावर ती दारातच विचारते, "चढलीस?" त्यावर "हो" म्हणायचं तर ते माझं हो असावं असं मला अजून वाटतं. मोटारीचं नको.

जाता जाता एक घरगुती सूचना. काढून ठेवलेली १७० ची क्रँक, जुना डिरेलर आणि ११-२८ ची चक्रं कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहेत. सगळं उत्तम स्थितीत. कुटुंबात किंवा ओळखीत कुणाच्या पायाची आतली लांबी ८० सेंटिमीटरच्या पुढं असेल तर खुशाल घेऊन जावं, पैसे नकोत. नुसती उंची सांगू नका, उंचीवर मी विश्वास ठेवत नाही. येताना टेप घेऊन या, पाठ्यपुस्तक माझ्याकडे आहे.